बाळंतकाढा, शेगडी आणि आयबुप्रोफेनची गोळी

पहिल्या बाळंतपणात बाळ झाल्यानंतरच्या कळा फारशा जाणवत नाहीत, दुसऱ्यात मात्र जीव काढतात, आणि ही गोष्ट आधी कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. सगळं बोलणं नॉर्मल की सीझर, टाके किती पडले, बाळ कुणासारखं दिसतं यावर. मुलीच्या वेळी मला असं काही झालेलं आठवत नाही, पण मुलाच्या वेळी त्याला जरा नीट पाजायला घेतलं की ओटीपोटात अशी पिळवटून कळ यायची की मी दात आवळून बसायचे. नर्सला विचारलं, सिस्टर आत काही राहिलंय का हो, तर ती म्हणाली पिशवी आकसतेय ताई, दुसऱ्या खेपेला जास्तच येतात. एवढं बोलून ती गेली पण.

त्यामागचं कारण तसं साधं आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने दूध उतरतं आणि त्यानेच पिशवी, म्हणजे गर्भाशयही आकसतं. बाळंतपणानंतर लगेच ती पिशवी साधारण एक किलोची असते, सहा आठवड्यांत ती शंभर ग्रॅमच्या आत येते, म्हणजे केवढं काम आहे बघा. पहिलटकरणीची पिशवी घट्ट आवळूनच राहते, दुसऱ्या तिसऱ्या वेळी ती आवळते-सैल होते-परत आवळते, म्हणून कळा. दोन-तीन दिवस जोर असतो, आठवड्याच्या आत बहुतेकींच्या थांबतात. आयुर्वेदात याला मक्कल्ल म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत शारीरस्थानात त्याचं वर्णन आहे, म्हणजे दुखणं काही आजकालचं नाही.

आता माझ्याकडे तेव्हा सल्ला द्यायला कोण कोण होतं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आई साताऱ्याची, सासूबाई गुहागरकडच्या, मालीशवाल्या मावशी वाईजवळच्या एका गावातल्या, आणि डॉक्टर मॅडम पुण्यातल्या. चौघींची मतं चार. शिवाय आजी, जी बाजेवर बसल्या बसल्या सगळ्यांना खोडून काढायची. मी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं, कारण अंगात भांडायची ताकद नव्हती, पण एक केलं, कशाने नेमकं कुठलं दुखणं कमी होतं हे बघत राहिले. आणि मला जे वाटलं ते असं की आपल्याकडचं निम्मं बाळंतऔषध हे मुळात दुखणं थांबवायला नाहीच. आपण मात्र सगळं एकाच पिशवीत घालून 'बाळंतिणीचं औषध' म्हणतो आणि मग कुणी म्हणतं काढ्याने काही होत नाही, कुणी म्हणतं काढ्याशिवाय कंबर जन्मभर दुखते.

आजीचंच बघा. कळा आल्या की ती म्हणायची, येऊ देत, घाण पडून जाते. तिच्या दृष्टीने कळ ही चांगली गोष्ट, ती थांबवायची कशाला, उलट पिशवी नीट साफ झाली पाहिजे. म्हणून ती हिराबोळ गुळात घोळून त्याची छोटी गोळी द्यायला सांगायची. हिराबोळ म्हणजे एका झाडाचा डिंक, लालसर तपकिरी, चव अशी कडू की गुळाचासुद्धा इलाज चालत नाही. जुन्या समजुतीप्रमाणे तो पिशवीला आवळायला लावतो, म्हणून तर गरोदर बाईला देत नाहीत. म्हणजे कळांवर उतारा म्हणून कुणी हिराबोळ घेत असेल तर तिने काय अपेक्षा ठेवायची? असलाच परिणाम तर कळा वाढण्याचाच. पिंपळमूळ, सुंठ, गूळ यांचाही पारंपरिक हेतू बराचसा हाच, साफ होणं, भूक लागणं, अन्न पचणं. माझ्या डॉक्टरांनी हिराबोळ नको म्हणून स्पष्ट सांगितलं, रक्तस्राव किती होतोय ते नीट कळायला हवं असं त्यांचं म्हणणं, मी तो घेतला नाही. आजीने तोंड फिरवलं. दुपारी परत माझ्याशी बोलायला लागली.

जाता जाता एक, हिराबोळ आणि काळाबोळ या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळलेला चीक, आपल्याकडे मुलं पडली-धडपडली की मुक्या मारावर उगाळून त्याचा लेप लावतात तो. तो पोटात गेला तर जबरदस्त जुलाब होतात आणि पाजणाऱ्या बाईने तर घेऊच नये. दुकानात जाऊन नुसतं 'बोळ द्या' म्हणालात तर कुठला हातात पडेल सांगता येत नाही.

काढ्याचं वेगळं प्रकरण आहे. आमच्याकडे काष्ठौषधीवाल्याकडून तयार पुडा येतो, पण आता बाटलीतला बाळंतकाढा जास्त चालतो, त्यात एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असतात, साधारण दहा-दहा दिवसांचा एकेक. आईने बाटली आणली आणि वर पुडाही आणला, कारण बाटलीवर तिचा विश्वास नाही. पुड्यातला काढा म्हणजे दशमूळ आणि वर आणखी काय काय. दशमूळ म्हणजे बेल, टेंटू, पाडळ, शिवण, ऐरण ही पाच मोठी झाडं आणि सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, सराटे ही पाच छोटी झुडपं, या दहांची मुळं. नावाला मुळं, प्रत्यक्षात बाजारात मोठ्या झाडांची मुळाऐवजी सालच बऱ्याचदा येते, कारण मूळ खणलं की झाडच गेलं, आणि टेंटूसारखी झाडं आधीच कमी होत चाललीत. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली साल तर साल, उकळून तर घेतोय ना.

काढा सोळापट पाण्यात टाकून मंद आचेवर आटवायचा, अष्टमांश राहिला की गाळायचा, हे वैद्यांचं जुनं प्रमाण. घरी कुणी मोजत नाही, ग्लासभर पाणी अर्ध्या वाटीवर आलं की झालं. वास घरभर. चव मातकट, तुरट, शेवटी घशात कडू. मला त्याने काय झालं खरं सांगू? जीभ स्वच्छ झाली, भूक लागायला लागली, पोट हलकं वाटायचं. कळांवर काही म्हणजे काही फरक पडला नाही. दशमूळ सूज आणि वातावर देतात हे आयुर्वेदात फार जुनं आहे, प्राण्यांवर प्रयोगही झालेत, पण बाळंतिणींच्या कळांवर दशमूळ दिलं आणि मोजून पाहिलं असे धड अभ्यास फारच थोडे. तेव्हा ज्याला घ्यायचाय त्याने वैद्याला विचारून घ्यावा, पण 'काढा प्यायलीस ना, मग गोळी कशाला' असं बाळंतिणीला म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि हो, काढा आणि अरिष्ट यात फरक आहे. दशमूलारिष्ट आंबवून केलेलं असतं, त्यात आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, बाटलीवर लिहिलेलं असतं बघा. आमच्याकडे ते औषध म्हणून चहाच्या कपातून सर्रास ओततात, झाकणाने मोजत पण नाहीत. अंगावर पाजत असाल तर निदान हे माहीत असू द्या आणि डॉक्टरांना विचारा.

मग कळांवर खरंच आराम कशाने पडला तर शेकाने. यात वाद नाही, पाचही बायका एकमताने म्हणाल्या आणि ते खरंही निघालं. मावशी एरंडाची दोन पानं घेऊन यायच्या, त्यांना जरासं तिळाचं तेल लावून तव्यावर गरम करायच्या आणि ओटीपोटावर ठेवून वरून जुन्या सुती साडीने बांधायच्या. पानातलं औषध किती आणि गरमपणा किती हे देवाला माहीत, रबरी पिशवीत गरम पाणी घालून ठेवलं तरी मला तेवढंच बरं वाटायचं, पण पानाचं एक आहे, ते पोटावर नीट बसतं आणि घसरत नाही. पाजायला घ्यायच्या आधी शेक घेतला तर कळ कमी लागते. आणखी एक अगदी बिनपैशाचा उपाय, पाजायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी वर ढकलली जाते, नीट आवळता येत नाही आणि दुखतंही जास्त. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस लघवी भरलेली कळतच नाही कित्येकदा. हे मला डॉक्टरांनी सांगितलं आणि खूप उपयोगी पडलं.

अंघोळीच्या पाण्यात निगडीचा पाला. निगडी म्हणजे निरगुडी, आमच्या भागात ओढ्याकडेला बक्कळ, मावशी रोज येताना हातात एक जुडी घेऊनच यायच्या. मोठ्या पातेल्यात पाला उकळायचा, पाणी हिरवट काळं होतं, त्याला एक उग्र वास येतो, आणि ते कढत पाणी कमरेवर तांब्यातांब्याने सोडायचं. त्याआधी तेल. तेल साधं तिळाचंच, परवडत असेल तर बला तेल नाहीतर नारायण तेल. मालीश पायापासून वर, पोटावर अगदी हलक्या हाताने. सासूबाईंकडे खोबरेल वापरायची पद्धत, आईला ते अजिबात पटेना, खोबरेल थंड पडतं म्हणे, मग दोघींनी मिळून शेवटी तिळाच्या तेलावर तडजोड केली आणि मी मध्ये न पडता पडून राहिले. त्या अंघोळीनंतर जी झोप लागायची ना, ती कुठल्याच गोळीने लागली नाही. त्यात पाल्याचा भाग किती, तेलाचा किती आणि तो तासभर बाळाला दुसरंच कुणीतरी सांभाळत असायचं याचा किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही आणि करायचंही नाहीये.

शेगडीचं मात्र सांभाळून. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि तिची धुरी घ्यायची, ही आपल्याकडची शेकशेगडी. जुन्या घरांना कौलं होती, भिंतींना फटी होत्या, धूर वर जायचा. आता वन बीएचकेमध्ये, थंडी लागू नये म्हणून खिडक्या बंद, एसीला टेप लावलेली, आणि आत कोळशाची शेगडी, म्हणजे थेट कार्बन मोनॉक्साईडला आमंत्रण. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. धूर तान्ह्या बाळाच्या छातीला तर वाईटच. आमच्याकडे मी शेगडी खोलीत येऊ दिली नाही, आईने बराच वेळ कुरकुर केली, मग तवा गॅसवर तापवून त्यावर फडकं गरम करून शेक दिला. ओवा फडक्यात पुरचुंडी करून तव्यावर शेकवला की वासही मिळतो आणि ऊबही. सीझरच्या टाक्यांवर किंवा खालच्या टाक्यांवर थेट निखाऱ्याची धग घ्यायला सांगणारे अजून आहेत, ते बिलकुल करू नका, तिथे बधिरपणा असतो आणि भाजलेलं कळत नाही.

आता गोळीबद्दल. मला डॉक्टरांनी आयबुप्रोफेन लिहून दिलं होतं आणि आईने ते उशीखाली सरकवलं, दुधातून बाळाला जाईल म्हणून. ही भीती घरोघरी आहे. खरं तर आयबुप्रोफेन दुधात इतकं कमी उतरतं की पाजणाऱ्या बाईला देण्याच्या गोळ्यांत त्याचं नाव पहिल्या काहींत येतं. आणि नेमक्या या कळांवर त्याचा उपयोग चांगला होतो, कारण पिशवीच्या दुखण्यामागे प्रोस्टाग्लॅंडिन नावाची अंगातलीच द्रव्यं असतात आणि ही गोळी त्यांच्यावरच काम करते. नंतरच्या कळांवरच्या औषधांचे सगळे अभ्यास एकत्र करून बघणारा कॉक्रेन या संस्थेचा एक आढावा आहे, २०११ ला आला आणि २०२० ला परत सुधारून काढला, त्यातही या जातीच्या गोळ्यांनी आराम पडतो असंच निघालं. पोटात अल्सर असेल, दमा असेल, किडनीचं किंवा बीपीचं काही असेल तर मात्र विचारल्याशिवाय नाही, तिथे पॅरासिटामॉल वगैरे बघतात. मी आईला एवढंच म्हटलं, तुझा काढा पण घेते आणि ही गोळी पण घेते. अर्ध्या पाऊण तासात कळ ओसरली तेव्हा ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी गोळीची वेळ झाल्यावर पाणी घेऊन तीच आली.

टाक्यांचं दुखणं वेगळं आणि त्याला आपल्या परंपरेत उत्तर जरा कमीच आहे असं मला वाटतं. कडुलिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, हळदीचं पाणी, त्रिफळ्याचं पाणी टबात घेऊन बसायला सांगतात. कोमट पाण्यात बसल्याने बरं वाटतं हे नक्की, स्वच्छही राहतं. पण पहिल्या दिवशी जी सूज असते तिथे थंड लागतं, कपड्यात गुंडाळलेला बर्फ. आणि आमच्याकडे बाळंतिणीला थंड म्हटलं की घरात भूकंप. बर्फ हा शब्द न काढता नर्सने तो लावला म्हणून बरं.

बद्धकोष्ठ झालं की टाक्यांना ताण येतो, आणि टाक्यांचं दुखणं वाढतं. आणि इथे मात्र आपली एक वाईट चाल आड येते, बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही. पोट सुटतं म्हणे, दूध पातळ होतं म्हणे. अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट तहान जास्त लागते, पाणी तोडलं की शौचाला खडा, लघवीला जळजळ, मग परत दुखणं. त्यापेक्षा सुंठ घालून उकळलेलं पाणी, बाळंतशोपेचं पाणी, असं गरम गरम द्या की, परंपराही राहते आणि पाणीही पोटात जातं. आमच्या सासूबाईंनी हाच मार्ग काढला. थर्मासमध्ये बाळंतशोपेचं पाणी भरून माझ्या उशाशी ठेवायच्या, आईला वाटायचं औषध चालू आहे, मला वाटायचं पाणी मिळालं.

बाळंतशोपा म्हणजे शेपूचं बी, आणि हे बी वातावर जगभर देतात. आपल्या घरात लहान मुलांच्या पोटदुखीला वूडवर्डचं ग्राइप वॉटर असायचं ना, ते इंग्लंडमध्ये १८५१ साली निघालं, त्यातही शेपूच्या बियांचं तेलच होतं. सीझर झालेल्या बायकांना पोटात गॅस अडकून जे दुखतं, कधी कधी खांद्यापर्यंत कळ जाते, त्यावर ओवा-बाळंतशोपा-सुंठ यांचा मला चांगला अनुभव ऐकायला मिळाला, माझ्या जावेने तर गोळ्यांपेक्षा ओवा भाजून चावून खाल्ल्याने आणि उठून चालल्याने सुटका झाली असं सांगितलं. जेवणानंतरचा विडाही त्यासाठीच, ओवा, शोपा, सुकं खोबरं, बडीशेप. हे सगळं नॉर्मल बाळंतपण घरात होत होतं तेव्हाचं, आता महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सीझरचं होतं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१), पण आपल्या घरातल्या बायकांचं बाळंतशास्त्र अजून सीझर धरून लिहिलं गेलेलंच नाही. पोट किती घट्ट बांधायचं, मालीश कधी सुरू करायची, टाक्याच्या वर तेल चालतं का, या सगळ्याला मावशींचं उत्तर एकच, 'करू हळूहळू'. जखम भरल्याशिवाय तिथे तेल नाही, पाला नाही, हळद नाही, आणि मालीश सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचं.

कंबर. कंबरेवर सगळ्यांचा जोर, आणि सगळ्यांचं उत्तर डिंकाचे लाडू. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, गोडंबी, बदाम, गूळ, तूप. घाटावर हे, आणि सासूबाईंकडे अळीव, नारळाच्या पाण्यात भिजवलेले, ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवलेले, जे मला डिंकापेक्षा जास्त आवडले आणि हे मी आईसमोर बोलत नाही. लाडवाने कंबर भरून येते असं म्हणतात. लाडवात खाणं भरपूर आहे, लोह आहे, कॅल्शियम आहे, रात्री दोनला पाजताना भूक लागते तेव्हा हाताशी दुसरं काय असतं, पण दुखरी कंबर लाडवाने थांबते यावर माझा विश्वास नाही. कंबर दुखते कारण नऊ महिने सांधे सैल झालेले असतात, पोटाचे स्नायू ताणलेले असतात, आणि आता आपण तासन्‌तास वाकून बाळाला पाजतोय. पाठीमागे दोन उशा, मांडीवर एक उशी, बाळाला छातीपर्यंत वर घ्यायचं, आपण खाली वाकायचं नाही, एवढ्याने माझी निम्मी कंबर बरी झाली. भूल द्यायला पाठीत दिलेल्या इंजेक्शनने कंबर जन्मभर दुखते हेही सगळीकडे बोलतात, सुईच्या जागी काही दिवस दुखतं हे खरं, पण जन्मभराचं दुखणं त्या सुईमुळे येतं असं अभ्यासात निघालेलं नाही. मेथीचे लाडूही देतात, साखरेची किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर मेथी भरमसाट नको.

दूध दाटून छातीत गाठी झाल्या तर पाजत राहणं, आधी कोमट शेक, नंतर थंड. इथे एक मजेशीर गोष्ट, दक्षिणेकडे दूध आटवायला मोगऱ्याची फुलं छातीला बांधतात, आणि त्यावर १९८८ साली अभ्यासही छापून आलाय, दूध बंद करायच्या ब्रोमोक्रिप्टिन गोळीशी तुलना करून, आणि फुलांनीही दूध कमी झालं होतं. म्हणून छाती दुखतेय म्हणून हौसेने मोगरा बांधू नका, बाळ उपाशी राहील.

एका गोष्टीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. काष्ठौषधी, म्हणजे झाडपाल्याची, वेगळी आणि रसौषधी, म्हणजे पारा-धातूंची, वेगळी. बाळंतिणीला ताप-वात झाला तर प्रतापलंकेश्वर रस देतात, त्यात पारा आहे, बचनाग आहे. बचनाग म्हणजे विष, शुद्ध करून वापरतात म्हणतात, पण ते वैद्याच्या हातचं काम, दुकानदाराने 'घ्या ताई, सगळे नेतात' म्हणून द्यायचं नाही आणि शेजारणीने उरलेलं द्यायचं तर नाहीच नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांचे नमुने घेऊन २००८ साली अमेरिकेत तपासले तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. दुधातून बाळाला शिसं जावं असं कुठल्या आजीला वाटेल? आणि बाळंतिणीला ताप आला तर तो वात नसतो. १००.४ च्या वर ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, लिंबाएवढ्या गुठळ्या, एकाच पोटरीत दुखून सूज, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांसमोर अंधारी, किंवा पोटातल्या कळा कमी व्हायच्या ऐवजी दिवसेंदिवस वाढत जाणं, यातलं काही झालं तर काढा, धुरी, एरंडाचं पान सगळं बाजूला ठेवून रात्री दोनला सुद्धा दवाखाना गाठायचा. जुन्या काळी याच तापाने बायका जायच्या आणि लोक म्हणायचे वात झाला.

सुश्रुताने सूतिकेचा, म्हणजे बाळंतिणीचा, काळ दीड महिन्याचा सांगितलाय, आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, डॉक्टर सहा आठवड्यांनी बोलावतात. तिघांचे आकडे इतके जवळ येतात याचं मला अजून नवल वाटतं. तेवढे दिवस बाईला स्वयंपाकघरात शिरू द्यायचं नाही हा आजीचा नियम मी सगळ्यात आनंदाने पाळला. फक्त पडून राहायचं म्हणजे अजिबात हलायचंच नाही असं नव्हे, घरातल्या घरात चालत राहायचं, नाहीतर पायात गुठळी व्हायची भीती.

आता धाकट्या बहिणीचं बाळंतपण दुबईत आहे आणि आई बॅग भरतेय. तिची यादी तीन पानांची. मी बसून एकेक खोडलं आणि एकेक ठेवलं. सुंठ, बाळंतशोपा, ओवा, डिंक, अळीव, तिळाचं तेल ठेवलं, दशमुळाचा पुडा दुकानाच्या सीलबंद पाकिटात आणि बिलासकट ठेवला, हिराबोळ काढला, रसौषधींच्या डब्या काढल्या. आणि खसखस काढली. खसखस तिकडे चालत नाही, अफूच्या झाडाचं बी म्हणून बंदी आहे आणि चिमूटभर सापडली तरी मोठी भानगड होते, सिंगापूर-सौदीलाही तेच, हे आखाती देशात मुलीकडे जाणाऱ्या प्रत्येक आईला आधी सांगून ठेवा. तयार केलेले डिंकाचे लाडूही नको, कारण त्यात खसखस असतेच. आईने विचारलं, मग लाडवात घालू काय? तीळ घाल म्हटलं. तिला ते पटलेलं नाही, सध्या घरात यावरच चर्चा चालू आहे.